नाक्यापलीकडचं ग्रीस

माझं लग्न पंधरा भोपळ्यांनी जमवलं. हे कुणाला सांगितलं की माणसं माझ्याकडं न बघता नातवाकडं बघतात. बायको गेल्यापासनं म्हातारा असंच बडबडतो, असं त्यांना वाटतं. डोकं माझं ठिकाणावर आहे. बायको मात्र गेली. चैत्रात गेली. तिची ट्रंक उघडली तर लुगड्यांच्या तळाला निळ्या पुठ्ठ्याची एक चोपडी निघाली. नातसून म्हणाली, "आबा, हा कसला पासपोर्ट? आजी कधी परदेशात गेली होती?"

गेली होती. लग्न करून माझ्या घरी आली तोच तिचा परदेश. आणि तो पासपोर्ट सरकारनं दिलेला नाही, मास्तरांनी दिलेला आहे. म्हणजे आधी मास्तर सांगायला पाहिजेत, नाहीतर काहीच कळायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. शुद्धलेखन नातसुनेनं बघितलंय. बाकी आहे ते माझं आणि खरं.

लढाईच्या दिवसांत मी सातारा-सांगली सर्व्हिस मोटार चालवत होतो. पेट्रोल मिळायचं नाही. गाडीच्या मागं ड्रमासारखी भट्टी बसवली होती, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर गाडी चालायची. चालायची म्हणजे सपाटीला. चढ आला की उतारू खाली. माझ्या गाडीत बसून जेवढी माणसं गेली त्याच्यापेक्षा तिला ढकलत जास्त गेली. त्या उतारूंत एक मास्तर होते. साताऱ्याच्या एका हायस्कुलात शिकवायचे आणि शनिवारी सांगलीला घरी जायचे. ऊन असो, पाऊस असो, अंगात काळा कोट. कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक काडेपेटी.

मला वाटलं, माणूस बिडी ओढणारा आहे. एकदा मी मागितली. ते म्हणाले, "मी ओढत नाही."

"मग काडेपेट्या कशाला, मास्तर?"

"ऐकायला."

असं बोलायचे. मग मला त्यांनी गाडीच्या मागच्या बाकावर बसवलं, स्वतः पुढं माझ्या जागेवर जाऊन बसले आणि एक काडी ओढली. "कप्तान, ऐकू आलं का?" मला ते कप्तान म्हणायचे. गाडी त्यांच्या लेखी बोट होती. मागं भट्टी धडधडत होती, काडी कसली ऐकू येतेय. पण कोट घातलेला शिकलेला माणूस विचारतोय, म्हणून मी म्हटलं, "आलं." त्यांनी ती जळकी काडी जपून डाव्या खिशातल्या पेटीत ठेवली.

उजव्या खिशात नव्या काड्या, डाव्या खिशात ऐकू आलेल्या. लढाईत काडेपेटीला लोक मोताद झाले होते, एका काडीच्या उभ्या दोन चिरफळ्या करून दोनदा पेटवत होते, आणि हे देवळात, घाटावर, न्हाव्याच्या दुकानात काड्या ओढत हिंडायचे. एका लग्नात मंगलाष्टकं थांबली त्या क्षणाला ओढली. मुलीकडचे म्हणाले, मांडव पेटवतोय, आणि धरून बाहेर काढलं. मला एकदा महाबळेश्वरला नेलं, एका कड्यावर उभं केलं आणि आपण खाली उतरले. वारा एवढा की एकही काडी पेटली नाही. तरी खालनं हात वर करून हाका, "आलं का ऐकू?" मी म्हटलं, "आलं!" न पेटलेल्या काड्या डाव्या खिशात गेल्या.

त्यांच्या खोलीत देव नव्हते. देवाच्या जागी एक फोटो होता, इंग्रजी पुस्तकातनं कापलेला. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्या, अर्ध्या चंद्रासारख्या, एकावर एक, शेकड्यांनी. खाली मोकळी जागा. ते ग्रीस देशातलं नाटकाचं ठिकाण. दोन हजार वर्षांचं जुनं. तिथं म्हणे खाली काडी ओढली तर सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्याला ऐकू येते. मास्तरांनी ते पाहिलेलं नव्हतं. सांगलीचा माणूस, नाटक अंगात मुरलेलं, आणि त्यात हा फोटो बघितला. झालं.

लढाईच्या आधी त्यांनी पोरांना बोटीनं ग्रीसला नेऊन त्या पायऱ्यांपुढं नाटक करायचं ठरवलं होतं. शाळेच्या कमिटीनं ठरावही केला. कमिटीतल्या लोकांना वाटलं, ग्रीस कोकणात कुठंतरी आहे. मग लढाई लागली आणि बोटी बंद झाल्या. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. मास्तर ठराव घेऊन माझ्याकडं आले.

"कप्तान, ठराव मंजूर आहे. ठरावात काय लिहिलंय? परदेश. साताऱ्यात राज्य कुणाचं?"

"इंग्रजांचं."

"कऱ्हाडच्या पुढं नाका लागतो. नाक्यापलीकडं राज्य कुणाचं?"

"राजाचं."

"कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, जकात वेगळी. मग तो परदेश की नाही?"

बरोबर होतं. त्या वेळी आमच्या भागात संस्थानांच्या चिंध्या पसरलेल्या होत्या, सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दोन राजांच्या हद्दीतनं जाऊन यायचा. त्यातल्या एका चिमुकल्या संस्थानचा तो नाका.

"पण ग्रीस?" मी विचारलं.

"ग्रीस म्हणजे नकाशावरची जागा नव्हे. खाली ओढलेली काडी जिथं वर ऐकू येते, ते ग्रीस. ते आपण शोधायचं."

अशा तऱ्हेनं दर वर्षी दिवाळीच्या आधी मी पंधरा पोरं आणि एक मास्तर परदेशी न्यायला लागलो. नाटक मास्तरांनी स्वतःच लिहिलं होतं. एक राजा असतो, त्याला आवडेल तेवढंच ऐकू येतं. आणि राज्यातले म्हातारे एका जागी उभे राहून सगळे एका सुरात त्याला खरं काय ते सांगत राहतात. ह्या म्हाताऱ्यांच्या घोळक्याला मास्तर वृंद म्हणायचे. वृंदाला एकच नियम, खोटं बोलायचं नाही. पोरांच्या अंगात तो नियम असा भिनला की चढाला गाडी थांबली की मी काही बोलायच्या आत मागनं पंधरा आवाज उठायचे, "हे कप्ताना, तुझी बोट बुडाली! आता आम्ही उतरणार, आम्ही ढकलणार!" समोरनं येणारे बैल बुजायचे.

पहिली दोन वर्षं नाक्यावर कुणी अडवलं नाही. नाकेदार झोपलेला असायचा. मास्तरांना तेच खुपलं. परदेशात जायचं आणि कुणी विचारायचं नाही? तिसऱ्या वर्षी त्यांनी वह्यांच्या निळ्या पुठ्ठ्यांचे पंधरा पासपोर्ट केले. फोटो कुठला काढणार, म्हणून वर्णन लिहिलं. नाव, उंची, आवाज जाड की बारीक, ओळखीची खूण. आणि मुद्दाम मोठ्यानं हाका मारून नाकेदाराला उठवलं.

नाकेदार म्हणजे माझा सासरा. तेव्हा नव्हता. खाकी कोट, पितळी बटणं, आणि दोन शिक्के, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. गुळाच्या पावत्यांवर मारून मारून वैतागलेला माणूस. त्याच्या हातात कुणीतरी पहिल्यांदाच पासपोर्ट दिला. तो उभा राहिला, टोपी घातली, कोटाची बटणं लावली.

"रांगेत उबं ऱ्हावा," म्हणाला. "एकेक बगतो."

मग त्याची नजर टपाकडं गेली. टपावर भोपळे होते. मिरजेला सतारीसाठी जे मोठाले कडू भोपळे येतात, त्यातले तडे गेलेले मास्तरांनी आणले होते. पोकळ करून, चुना फासून, डोळ्यांची भोकं आणि हे एवढं तोंड कापून त्यांचे मुखवटे केले होते.

"भोपळे किती?"

"पंधरा," मास्तर म्हणाले.

"वाद्याचे का भाजीचे? दोनीची जकात निराळी हाय."

"ते भोपळे नाहीत. ते चेहरे आहेत."

नाकेदारानं जकातीचा तक्ता वरपासनं खालपर्यंत बोट फिरवत वाचला. "चेहऱ्याला जकात लिवलेली न्हाई. पर चेहरा म्हंजी मानेवर पायजे. टपावर हाय तवर त्यो माल."

मास्तरांना हे पटलं. एवढं पटलं की त्यांनी नाकेदाराचा हात धरून हलवला. पोरांनी भोपळे डोक्यात घातले आणि रांग लावली. नाकेदारानं पहिला पासपोर्ट वाचला. "डाव्या गालावर तीळ. कुटं हाय तीळ?"

भोपळ्यातनं आवाज आला, "आत आहे."

"काढ भोपळा."

पोरानं काढला. "हां, तीळ हाय. पर आता भोपळा हातात आला. माल झाला. घाल."

पोरानं घातला. "आता तीळ दिसंना. काढ."

खोटं सांगत नाही, तासभर हे चाललं. चेहरा उघडा केला की भोपळा माल, भोपळा घातला की माणूस अनोळखी. नाकेदार वाईट माणूस नव्हता, त्याला पोरांना सोडायचंच होतं. पण नियम दोन होते आणि दोन्ही खरे होते. मास्तर तर खुशीत होते, त्यांना हे अगदी परदेशासारखं वाटत होतं.

तेवढ्यात नाक्याच्या खोलीच्या दारातनं एक पोरगी म्हणाली, "आण्णा, भोपळ्यावरच तीळ काढा की. काजळ देऊ?"

ती ही. डबी घेऊन बाहेर आली. मास्तर पासपोर्ट वाचायचे, "डावा गाल!" आणि ही बोट काजळात बुडवून भोपळ्याच्या डाव्या गालावर तीळ काढायची. एकाच्या पासपोर्टात कपाळावर व्रण होता, तर हिनं नखानं चुना ओरबाडून व्रण काढला. पंधरा भोपळे ओळखीचे झाले. शिक्के पडले. मी स्टेअरिंगवर बसून हे बघत राहिलो आणि भट्टीत कोळसा घालायचा विसरलो. भट्टी विझली. वृंद लगेच, "हे कप्ताना, तुझं लक्ष कुठं होतं?"

गाडी पेटेपर्यंत अर्धा तास तिथंच. मास्तर कुठं गप्प बसतात. नाक्यामागं एक टेकाड होतं, त्याच्यावर शेतांच्या ताली पायऱ्यांसारख्या. मास्तरांनी मला वर पाठवलं, आपण खाली बांधावर उभे राहिले, काडी ओढली. "आलं का ऐकू?"

"आलं!" मी सवयीनं ओरडलो.

माझ्या शेजारी ही दोन शेळ्यांच्या दोऱ्या धरून उभी होती. माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून ओरडली, "न्हाई आलं! काय बी न्हाई आलं, मास्तर!"

मास्तर गोंधळले. दुसरी काडी ओढली. "आता?"

"न्हाई! ह्यो खोटं बोलतोय!" माझ्याकडं बोट करून. मग मला म्हणाली, "तुमाला खरंच आलं व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग का आलं म्हनताय? त्यो बिचारा मानूस काड्या नासतोय की."

मला तीन वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी चांगुलपणा करतोय असंच समजत होतो. मास्तर टेकाड चढून वर आले. धापा टाकत होते. मला वाटलं, आता हिला बोलणार. त्यांनी मला विचारलं, "कप्तान, आणि महाबळेश्वरला?"

मी नकाराची मान हलवली.

"गाडीत?"

पुन्हा मान हलवली. त्यांनी डावी पेटी काढली आणि त्यातल्या सगळ्या काड्या, तीन वर्षांच्या, बांधावर ओतल्या. कोट झटकला. आणि हिच्यापुढं कमरेत वाकले, मोठ्या माणसापुढं वाकावं तसे. "बाई, तुम्ही माझ्या पहिल्या प्रेक्षक. म्हणजे ग्रीस अजून सापडलेलंच नाही तर."

ही म्हणाली, "लांब ऐकू येतंय असलं ठिकान पायजे व्हय? मग खानीत या की. खालच्या अंगाला आमच्या करडानं कान हलवला तर वर कळतंय."

नाक्यापासनं दोन शेतं सोडून जुनी खाण होती. कधीकाळी पुलासाठी दगड काढलेली. काढणाऱ्यांनी कड्याला अर्धा वाटोळा घेर देत टप्प्याटप्प्यानं दगड काढला होता, आणि ते टप्पे तसेच राहिले होते. मास्तर काठावर आले आणि मटकन बसले. फोटो खिशातनं काढून खाणीसमोर धरला. मला दोन्हींत फरक दिसला तो एवढाच की फोटोत शेळ्या नव्हत्या.

हिला वरच्या टप्प्यावर बसवलं. मास्तर खाली गेले. एकच काडी ओढली. विचारलंसुद्धा नाही, नुसते वर बघत राहिले. ही साध्या आवाजात, कानात बोलावं तसं म्हणाली, "आलं."

ते खाली ऐकू गेलं. मास्तरांनी ती काडी डाव्या पेटीत ठेवली. दुसरी ओढली नाही.

दुपारी तिथं नाटक झालं. प्रेक्षक म्हणजे नाका बंद करून आलेला नाकेदार, आजूबाजूच्या रानातली दहा-बारा माणसं आणि ही. नाटक संपल्यावर ही मला म्हणाली, "ह्यो राजा म्हंजी मास्तरच की." मास्तरांना ऐकू गेलं. खाणीचा गुणच तो. ते म्हणाले, "बरोबर."

त्यानंतर माझी गाडी नेमकी नाक्यावर बंद पडायला लागली. खरं सांगायचं तर पडत नव्हती, मी पाडायचो. भट्टी पुन्हा पेटायला अर्धा तास लागायचा, तेवढं बोलणं व्हायचं. मी बावीसचा, ही एकोणीसची. त्या वेळच्या हिशेबानं तिचं लग्न कधीच व्हायला पाहिजे होतं, पण हिच्या तोंडामुळं सोयरिकी मोडायच्या. विट्याचा एक सोनं गाळण्याच्या धंद्यातला पाहुणा बघायला आला होता, त्याला हिनं चहा देता देता सांगितलं, "तुमच्या मिशीचा रंग कपबशीला लागतोय." तो चहा तसाच ठेवून गेला. मला मात्र वाटायचं, ही आपल्याला मिळाली तर बरं. नाही मिळाली तर आपण जन्मभर "आलं, आलं" म्हणत बसणार.

मी नाकेदाराकडं विषय काढला. जात, कूळ, वय सगळं जुळत होतं. नाकेदार म्हणाला, "तू मानूस बरा हायेस. पर हद्दीपलीकडं मी पोरगी देत न्हाई. उद्या काय इपरीत झालं तर फिर्याद कुटल्या कोर्टात लावायची? माझं राज्य हितं संपतंय." नाक्यावरच्या आडव्या बांबूवर हात ठेवून म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. आईवेगळी वाढवलेली एकुलती एक पोरगी. बांबूच्या पलीकडं त्याचं खरंच काही चालत नव्हतं.

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "हा दोन राज्यांतला प्रश्न आहे. शिष्टमंडळ न्यावं लागेल."

पुढच्या रविवारी सकाळी मी शिष्टमंडळ घेऊन नाक्यावर गेलो. पुढं मास्तर, मागं पंधरा पोरं, अंगाभोवती पांढरी धोतरं, डोक्यात भोपळे. नाकेदार परसात दात घासत होता. भोपळे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि एका सुरात, "हे नाकेदारा! आम्ही मुलगी मागायला आलो!"

नाकेदाराच्या हातातनं तांब्या पडला. "आवं मास्तर, काय ह्ये! लोक काय म्हनतील!"

मास्तर म्हणाले, "नाकेदारसाहेब, आपल्याला मुलाची माहिती हवी ना? ह्यांना विचारा. वृंद खोटं बोलत नाही."

नाकेदारानं तोंड धुतलं. कोट घातला, बटणं लावली. पोलीस जबाब घेतात तसा समोर बसला. दाराआड ही उभी होती, तिची सावली मला दिसत होती.

"पोरगा दारू पितो का?"

"नाही!"

"कुनावर हात उगारतो?"

"नाही! गाडीला लाथ मारतो!"

"बिडी?"

मी भोपळ्यांकडं बघितलं, डोळ्यांनी विनवलं. पंधरा भोपळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग एका सुरात, "ओढतो!"

"किती?"

"लय!"

मी खाली मान घातली. गेलंच म्हटलं सगळं.

"आनि त्याची गाडी? पोटापान्याचं साधन हाय का धड?"

"चढाला थांबते! नाक्यावर तो थांबवतो!"

दाराआडनं हसू फुटलं. नाकेदारानं मागं बघितलं. "काय गं?"

ही दारात आली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "आण्णा, आजवर जे बगायला आलं, समद्यांनी चांगलंच सांगितलं. मिशीपातुर खोटं. ह्यांच्याकडनं वंगाळ सांगायला मानसं आली. द्या मला हितंच."

"पर हद्द हाय पोरी."

"हद्द असू दे. शिक्का हाय की तुमच्याकडं."

मास्तरांनी त्याच दिवशी तिचा पासपोर्ट केला. वृंदाच्या धोतरात, भोपळा काखेत धरून एक पोरगं दौत धरून उभं, आणि मास्तर बांबूवर पुठ्ठा टेकून लिहीत होते. नाव. उंची. आवाज: लांबवर जाणारा. ओळखीची खूण: खरं बोलते.

लग्नानंतर पाठवणीच्या वेळी नाकेदारानं कोट घातला होता. मोटार बांबूशी उभी. त्यानं हिचा पासपोर्ट मागितला, सगळा वाचला, पाठ असल्यासारखा, आणि 'बाहेर'चा शिक्का मारला. शाई ओली असतानाच त्याच्यावर डोळ्याचं पाणी पडलं, म्हणून त्यातलं 'हे' अक्षर फुटलेलं आहे. मग म्हणाला, "'आत'चा मी राखून ठेवतो. तरास झाला तर सरळ माघारी ये. कुनाला इचारायचं न्हाई." बांबू त्यानं स्वतः वर केला. गाडी निघेना. चढ होता. सगळ्या वऱ्हाडानं ढकलली, नाकेदारानंपण ढकलली.

मग देश स्वतंत्र झाला आणि संस्थानं गेली. नाका उठला. लोक पेढे वाटत होते. मी आणि ही सासऱ्याला भेटायला गेलो, तर बांबू काढून भिंतीला लावलेला आणि त्याच्या रिकाम्या खुंटाशी मास्तर बसलेले.

"मास्तर, आवं पेढा घ्या," ही म्हणाली.

त्यांनी घेतला. खाल्ला. "मला आनंद झालाय," म्हणाले. "देश एक झाला, व्हायलाच हवा होता. पण आता मुलांना परदेशी कुठं न्यायचं?"

सासरा म्हणाला, "मी अजून शिक्का मारून देतो की." पण मास्तर नाही म्हणाले. हद्द नसताना शिक्का म्हणजे खोटं.

निवृत्त झाल्यावर ते सांगलीला विश्रामबागेत पुतण्याकडं राहायचे. आम्ही जायचो. एकदा आनंदानं एक पत्र दाखवलं. भोपळ्यातला एक पोरगा पुढं मोठा होऊन खऱ्या ग्रीसला गेला होता. त्यानं लिहिलं होतं, सर, मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो, खाली एकानं काडी ओढली, मला स्पष्ट ऐकू आली. मास्तरांनी त्याला उलट टपाली लिहिलं होतं: तू वृंदात होतास. पुन्हा लिही. दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. सर, माणसांचा फार गलबला होता. नाही आली.

"बघितलंत?" मास्तर हिला म्हणाले, "आपलं चांगलं होतं."

ते गेले तेव्हा पुतण्यानं त्यांचा कोट मला दिला. उजव्या खिशातली पेटी भरलेली होती. डाव्या पेटीत एकच जळकी काडी.

आमचा संसार पंचावन्न वर्षांचा झाला. त्यात हिनं तो पासपोर्ट किती वेळा बाहेर काढला ह्याला गणती नाही. मी ओरडलो की ट्रंक उघडायची, निळी चोपडी माझ्या नाकासमोर धरायची. "'आत'चा राहिलाय माझा. जाऊ?" मी चोपडी घेऊन परत ट्रंकेत ठेवायचो. बिडी मी लग्नात सोडली होती, म्हणजे सोडली असं सांगितलं होतं. ही परसात भांडी घासत असायची आणि मी माजघरात कोपऱ्यात तोंड करून हळूच काडी ओढायचो. भांड्यांच्या आवाजातनं लगेच, "आलं हां ऐकू!" सगळं घर खाण झालं होतं माझं. एकदासुद्धा चुकली नाही. शेवटच्या आजारपणात डोळे मिटून पडलेली, डॉक्टर म्हणाले शुद्ध नाही, मी बाहेर ओट्यावर जाऊन काडी ओढली. आत गेलो तर ओठ हलत होते.

ती गेल्यावर मी बिडी ओढलेली नाही. कुणी पकडणारच नसेल तर काय करायची.

मागच्या आठवड्यात दुपारच्या एसटीनं नाक्यावर उतरलो. तिथं आता पंक्चरचं दुकान आहे. सासऱ्याचे शिक्के तो गेल्यावर कुठं गेले, कुणाला माहीत नाही. 'आत' शोधायला कुठं जाणार. पासपोर्ट बरोबर घेतला होता. खाण तशीच आहे, बाभळी वाढल्यात, एका बाजूनं कचरा टाकतात, पण टप्पे शाबूत आहेत. ही बसली होती त्या टप्प्यावर मी पासपोर्ट ठेवला, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून वर दगड ठेवला, आणि धरत धरत खाली गेलो. मास्तरांच्या कोटाच्या उजव्या खिशातली पेटी काढली. इतकी जुनी, वाटलं पेटायची नाही. पेटली.

वर बघत उभा राहिलो. बोटाला चटका बसेपर्यंत.

पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, आलं. कुणाचं मन मोडायला नको म्हणून. स्वतःचंसुद्धा.

न्हाई आलं, मास्तर. काय बी न्हाई आलं.